१६० ऐवजी १७५ मि.मी.चे क्रँक: ट्रायल्स सायकलबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन सायकल विक्री विभाग

विषय: २० इंची ट्रायल्स सायकलला चुकीच्या लांबीचे, फ्रीव्हीलचे आटे नसलेले क्रँक पाठवल्याबाबत, तसेच वेबसाइटवरील, उंचीवरून सायकल सुचवणारा निवड-तक्ता दुरुस्त करण्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या वेबसाइटवरून सोलापूरच्या पत्त्यावर मागवलेल्या २० इंची ट्रायल्स सायकलसाठी (पाय न टेकवता दगड-कट्ट्यांवर उड्या मारत चालवायची सायकल) आम्ही १६० मि.मी.चे क्रँक (पेडल धरणारे दांडे) निवडले होते. बिलावरही तेच छापले आहे. खोक्यातून मात्र १७५ मि.मी.चे निघाले. पेडलच्या भोकाजवळ आतल्या बाजूला तसा ठसा आहे, आणि बीबीच्या (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगच्या) मध्यापासून पेडलच्या मध्यापर्यंत टेप लावली तरी तेवढेच भरतात. फोटो व बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

याहून गंभीर बाब उजव्या क्रँकची आहे. स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलचे फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक फिरू देणारे चक्र) सहसा मागे नसते, ते उजव्या क्रँकवर आट्यांनी बसते आणि मागच्या हबवरचे (चाकाच्या मध्यावरचे) चक्र घट्ट असते. आपण मागचा हब बरोबर पाठवला, १२ दात्यांच्या घट्ट चक्रासह. क्रँक मात्र साध्या माउंटन बाइकचा, २२ दात्यांचे चक्र बोल्टने आवळलेला. म्हणजे या सायकलला फ्रीव्हील कुठेच नाही. चाक फिरेल तोवर पेडल फिरत राहणार. कट्ट्यावरून उतरताना पेडल आडवे धरून उभे राहायचे असते. तिथे ते पायाखालून फिरले तर चालवणारा तोंडावर आपटेल. अशी सायकल "जोडून तयार" म्हणून घरपोच देणे धोक्याचे आहे, ही नोंद आपल्या गुणवत्ता विभागाने आधी घ्यावी.

त्यात २२ दात्यांचे चक्र १८ दात्यांच्या फ्रीव्हीलपेक्षा त्रिज्येत सुमारे ८ मि.मी. मोठे. बीबीखालची बॅशप्लेट (संरक्षक पत्रा) १८ दात्यांच्या मापाची असल्यामुळे चेन तिच्या बाहेर डोकावते. आमच्याकडचा दगड काळा, कठीण आणि कोरदार. सायकल त्यावर टेकली की पहिला मार चेनवरच बसणार.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी दोन उपाय सुचवले. पहिला: स्थानिक दुकानातून फ्रीव्हील घेऊन मागे बसवा. हबच्या १.३७ इंची आट्यांवर बसणारे फ्रीव्हील साधारण १६ दात्यांपासून पुढे मिळते, १२ चे मिळत नाही. म्हणजे गिअरच बदलतो. शिवाय साध्या फ्रीव्हीलमधले खटके उभ्या माणसाने पेडलवर झटक्यात मारलेल्या किकसाठी बनवलेले नसतात. ते निसटले की पाय रिकामा खाली जातो आणि नडगी पेडलवर आदळते. दुसरा उपाय: अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर क्रँकला आटे पाडून घ्या. आटे पाडायला क्रँकच्या मुळाशी सुमारे ३५ मि.मी. व्यासाचा उंचवटा लागतो. या क्रँकला तो नाही, तिथे चक्र धरणारे चार हात आहेत. उत्तम कारागीर असला तरी नसलेल्या धातूत आटे कसे पाडणार?

आता लांबीबद्दल. "चालवणाऱ्याची उंची ५ फूट ९ इंच भरली होती, म्हणून सिस्टीमने लांब क्रँक निवडले, त्याने जोर जास्त मिळतो," असे उत्तर आम्हाला मिळाले. लांब क्रँकने जोर मिळतो हे खरे, पण क्रँक एकटा मोजायचा नसतो. २० इंचीला १६० चा क्रँक, १८:१२ गिअर (पुढे १८, मागे १२ दाते) आणि मागच्या चाकाची त्रिज्या सुमारे २५० मि.मी. धरली, तर पायाच्या जोराचा ०.४३ पट रेटा टायरपाशी पोचतो. २६ इंचीला १७० चा क्रँक, १८:१५ गिअर आणि ३४० मि.मी. त्रिज्या घेतली, तर ०.४२ पट. चाके वेगळी, क्रँक वेगळे, गिअर वेगळे, तरी किक जवळपास सारखी. प्रचलित जोड्या अशा जुळवलेल्या आहेत. २० इंचीवर त्याच गिअरला १७५ लावला की हा आकडा ०.४७ होतो, पण पाव फेरीच्या किकमध्ये पायाला २५ ऐवजी साडेसत्तावीस सेंटीमीटर जावे लागते. मागच्या चाकावर उभे राहून मारायच्या तुटक, झटपट किकला हा वाढीव प्रवास नडतो. दोन पायांतले अंतरही ३२० वरून ३५० मि.मी. होते आणि मागचा पाय मागच्या चाकाच्या ॲक्सलकडे १५ मि.मी. सरकतो, त्यामुळे उभे राहण्याची सगळी ठेवणच बदलते.

आपल्या तक्त्यातली मूळ चूक हीच आहे. बुटक्याला २०, मधल्याला २४ आणि उंचाला २६ इंची फ्रेम, अशी विभागणी त्यात आहे. स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलला बसायची सीटच नसते, मग सीट ट्यूबवरून माप कसले काढायचे? स्पर्धेत २० आणि २६ हे दोन वेगळे गट आहेत आणि उंच माणसेही २० इंची चालवतात. २४ इंची मुख्यतः स्ट्रीटसाठी (रस्त्यावरच्या कसरतींसाठी). तिची बीबी चाकांच्या ॲक्सलच्या रेषेजवळ असते, म्हणून पुढचे चाक उचलून चालवणे आणि गिरक्या सोप्या जातात. स्पर्धेच्या २० इंचीत बीबी त्या रेषेच्या बरीच वर असते, आमच्या फ्रेमला ७० मि.मी. तेव्हा आधी प्रकार, मग चाक, मग व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांतले अंतर) आणि बीबीची उंची, आणि त्यावरून क्रँक. चालवणाऱ्याच्या उंचीचा हिशोब स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि हँडलने करायचा.

आमची मागणी: १६० मि.मी.ची क्रँकजोडी (आयसिस, म्हणजे खाचांच्या पोकळ ॲक्सलवर बसणारी, उजव्या क्रँकला फ्रीव्हीलचे आटे), १८ दात्यांचे फ्रीव्हील आणि योग्य लांबीची चेन आपल्या खर्चाने पाठवावी, आणि चुकीचे सामान आपणच उचलून न्यावे. जोडणीसाठी जाणकार मेकॅनिक पाठवावा. साध्या पुलरचे (क्रँक काढायच्या अवजाराचे) टोक आयसिसच्या पोकळ ॲक्सलमध्ये घुसते आणि क्रँक निघत नाही. तक्ता दुरुस्त होईपर्यंत वेबसाइटवरून काढावा.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून आम्ही सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
ट्रायल्स सायकलस्वार गटातर्फे,
जुळे सोलापूर

सोबत: बिलाची प्रत, क्रँकवरील ठशाचा व हबचा फोटो