आपला बांध

२८ जून, रात्री

प्रिय वसंता,

यात्रेनंतर तुझे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. चौथ्यांदा तू घरच्या फोनवर केलास, तेव्हा 'शेतात गेलेत' असं सांगायला मीच हिला सांगितलं होतं. मी समोर ओट्यावर बसलो होतो. तुझा आवाज ऐकला असता तर सगळं सांगून बसलो असतो, आणि हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

आधी बाकीचं उरकतो. माझी शुगर आहे तिथेच आहे. गुडघा जिन्यावर दुखतो. हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं, आता सुईत दोरा ओवते. झालं.

वसंता, आपल्या दोघांच्या मधला बांध गेला. विहिरीकडची शंभरेक पावलं उरली आहेत. चिंचेपासून थेट पाणंदीपर्यंतचं सगळं सपाट झालं. हिवर गेला, दोन्ही बोरी गेल्या, हिंगणबेटाची जाळी गेली, तरवड गेला. ज्या बाभळीवर चढून तू माझ्या बाबांना वेडावून दाखवायचास ती बाभूळही गेली. आता माझ्या ओट्यावरून तुमच्या शेतातलं माणूस ओळखू येतं.

तो बांध एवढा दाट कशामुळे झाला होता ते तुला ठाऊकच आहे. तुझे तात्या आणि माझे बाबा अकरा वर्षं कोर्टात भांडले म्हणून. बाबा म्हणायचे तात्यांनी हातभर कोरला, तात्या म्हणायचे बाबांनी वीतभर. तारखेला मात्र दोघं एकाच एसटीने अमळनेरला जायचे, एकाच गाडीवर भजी खायचे आणि येताना आपल्या दोघांसाठी एकाच पुडीत गोडी शेव आणायचे. स्टे असल्यामुळे अकरा वर्षं कुणी कुऱ्हाड लावली नाही. निकाल लागेपर्यंत बोरीच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की त्यातून शेळीसुद्धा जात नव्हती. पुढे आपण कुणी हात लावला नाही, तो सवयीने.

यंदा मोजणी झाली. तुमचं शेत बघणारे आप्पा म्हणाले, "नाना, डुकरं तठेच दपी बठतस. साफ करी टाकू." रानडुकरांनी गेल्या साली तुमचा अर्धा एकर मका लोळवला, हे खरं आहे. बांधालगतच्या चार ओळींवर सावली पडते, तिथे कापूस खुजा राहतो, हेही खरं. जेसीबी तासावर मिळत होता. आप्पांवर ढकलू नकोस. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं.

सखाराम महाराजांची यात्रा आटोपली आणि चौथ्या दिवशी यंत्र आलं. वैशाख सरत आलेला, पेरणीआधी बांध साफ करायची सगळ्यांचीच घाई असते. तेव्हाच बांधावर काय चाललेलं असतं ते तुझ्या-माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चिरकाची पिल्लं बिळात असतात. बुलबुलाची वाटी तरवडात असते. खाटकाचं घरटं बाभळीच्या बेचक्यात. तित्तर खाली गवतात अंड्यांवर बसलेली असते आणि ती शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही. माणूस आला तरी हलत नाही, बैल आला तरी नाही. तिला वाटतं आपण दिसत नाही, आणि खरंच दिसत नाही.

बकेट हिवराच्या बुडाशी लागली तेव्हा ती उडाली. मी दहा पावलांवर होतो. चालवणारा पोरगा थांबला, मशीन बंद केलं नाही, पण थांबला. पोरगा चांगला होता. खाली वाकून बघून म्हणाला, "काका, अंडी आहेत." आठ होती. फिकट, दुधात चहाचे दोन थेंब पडल्यासारखी. दोन फुटली होती.

त्याने माझ्याकडे बघितलं. मीटर चालू होता, तासातला अर्धा तास गेला होता, पलीकडे आप्पा उभे होते. मी हात वर करून म्हटलं, "चालू दे."

एवढंच सांगायला महिना गेला.

सगळ्यात तुलाच का सांगतोय ते तुला कळलं असेल. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. तुझी आई खडी फोडायला जायची, घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, शाळेतली सुकडी तू धाकट्या बहिणीसाठी खिशात घालून न्यायचास. त्याच बांधावर, जवळजवळ त्याच जागी, तुला तित्तराची आठ अंडी सापडली. तू सहा घेतलीस, दोन ठेवलीस. मला म्हणालास, "दोन ठेवली म्हणजे ती परत येते." मी गुरुजींना सांगितलं. आपल्याला नुकतंच कुणीतरी जीवदयेवर धडा शिकवला होता आणि मला तो पाठ होता. तू छड्या खाल्ल्यास, वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस, आणि मी वर्षभर स्वतःला पुण्यवान समजत होतो. तू भुकेला होतास. मला काय भूक होती रे या वैशाखात? अर्ध्या तासाच्या भाड्याची.

आणि उरलेली शंभर पावलं माझ्या दयेने उरली असं समजू नकोस. हायड्रोलिकचा पाइप फुटला म्हणून उरली. पोरगा मशीन घेऊन दुरुस्तीला गेला, मग पाऊस आला, जमीन ओली झाली.

आठपैकी एक अंडं धड होतं, ऊन होतं. ते रुमालात घेऊन मी पाड्यावर गेलो. तिथे एकीची कोंबडी खुडूक बसली होती, तिच्याखाली ठेवलं. तित्तराचं अंडं अठरा-एकोणीस दिवसांत फुटतं. कोंबडीची पिल्लं केव्हाच फिरायला लागली, पण हे फुटलं नाही. आज सकाळी त्या बाईने ते धुऊन, पानात गुंडाळून मला परत आणून दिलं. मला वाटलं होतं ती फेकून देईल. म्हणून आज लिहायला बसलो.

तुझी पोर गेल्या दिवाळीत सांगत होती ते तेव्हा मी कानाआड केलं. तिकडे आयर्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपणाची झुडपं कापायला कायद्याने मनाई आहे, पाखरं अंड्यांवर असतात म्हणून. इंग्लंडात शेतकऱ्यांनाही हेच सहा महिने बंदी. मी तेव्हा तिला म्हटलं, पोरी, तिकडे झुडपांशिवाय आहे काय? तिचं तोंड पडलं होतं. तिला सांग, नानाकाका चुकला.

पण तारखा तिकडच्या उचलून चालायच्या नाहीत, वसंता. आपली पाखरं त्या कॅलेंडरवर चालत नाहीत. होळी झाली की चिरक आणि बुलबुल लागतात. वैशाखात तित्तर, टिटवी. (टिटवीने यंदा ढेकळांच्या उंचवट्यावर अंडी घातली होती, त्यावरून आप्पांनी पाऊस भरपूर सांगितला, आणि तो आलाही, त्यामुळे आता त्यांच्याशी बोलायची सोय नाही.) सातभाई उन्हाळ्यापासून थेट पावसाळ्यापर्यंत. मग विहिरीवरच्या सुगरणी, त्या तर पाऊस अंगावर घेत श्रावण-भाद्रपदात विणतात. गवतातल्या मुनिया दसऱ्यानंतरही. म्हणजे बांधाला हात लावायचाच तर कापूस वेचणीला लागतो त्या दिवसांत, मार्गशीर्ष-पौषात. आणि आपले म्हातारे तेच करत होते की! खळ्याला आणि हरभऱ्याला काट्या लावायच्या त्या थंडीतच तोडायचे, कुऱ्हाडीने, लागतील तेवढ्याच, बूड ठेवून. पावसात बूड पुन्हा फुटायचं. उन्हाळ्यात एका सकाळी सगळा बांध मुळासकट काढायची रीत यंत्राबरोबर आली.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १९७२चा वन्यजीव कायदा, म्हणजे त्या दुष्काळातलाच. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पाखरांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही धरलेलं आहे. मी बंदूक कधी हातात धरली नाही. पण व्याख्या वाचली तर त्या सकाळी मी काय करत होतो ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

यात सातभाईंचं सगळ्यात वाईट झालं. हिंगणबेटात त्यांचं घरटं होतं, त्यात निळी अंडी होती, बांगडीच्या काचेसारखी निळी. दोन दिवस सगळी टोळी त्या मोकळ्या पट्ट्यावर उड्या मारत कलकलत फिरली. जिथे जाळी होती तिथे यायची, थांबायची, पुढे जायची, परत यायची. तिसऱ्या दिवशी आली नाही. मृगाच्या सरींबरोबर चातक आला, दरवर्षी येतो तसा. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. तो आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो, आणि स्वतःचं घरटं बांधत नाही. अंडं घालतो सातभाईंच्या घरट्यात, त्याचंही अंडं निळंच. परवा विजेच्या तारेवर बसून तो दिवसभर ओरडत होता. एवढ्या लांबून आला आणि इथे ज्यांच्या दारी यायचं तेच उठून गेलेले. मी विहिरीच्या काठावर बसून ऐकत होतो. हिने जेवायला दोन हाका मारल्या.

आणखी एक मनातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी हरभऱ्यात घाटेअळी पडली तेव्हा कृषी सहायकांनी पक्षी थांबे लावायला सांगितले होते. मी पाखरांना बसायला टी आकाराच्या काठ्या रोवल्या. कोतवाल येऊन बसायचे, अळ्या टिपायचे, मला किती बरं वाटायचं! त्या काठ्या अजून गोठ्यात आहेत. बांधावर चाळीस-पन्नास वर्षांचे थांबे उभे होते, ते मी उपटले.

तू आता रानपिंगळ्याची गोष्ट काढशील, मला माहीत आहे. १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ तो सापडल्याचं कात्रण तू आणलंस. १८८४ नंतर ११३ वर्षं ज्याचा पत्ता नव्हता, तो आपल्या खान्देशात! आणि मग राजदूतवर तळोद्यापर्यंतची ती आपली वारी, दोनदा चेन तुटली. तू पाहिलास तो साधा पिंगळा होता, वसंता. त्याच्या डोक्यावर ठळक ठिपके होते, रानपिंगळ्याला ते जवळपास नसतात. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तू ऐकत नाहीस, आताही ऐकणार नाहीस. पण सांगायचं वेगळंच आहे. त्याच्यासाठी जगभरातून माणसं सातपुड्यात आली आणि यायलाच हवीत. सातभाई, तित्तर, चिरक सगळीकडे आहेत म्हणून त्यांच्यासाठी कुणी येत नाही. ते आपल्याच भरवशावर आहेत. बांध तुटत गेले तर ते तरी 'सगळीकडे' कुठे राहणार? आपल्या गावच्या शिवारात यंदा आपला धरून पाच बांध साफ झाले, मी मोजले. पाणंदीची एक कडही गेली.

आता काम सांगतो. बांध अर्धा तुझा आहे. सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे आणि आप्पा माझं ऐकतील त्यापेक्षा तुझं जास्त ऐकतात. ती शंभर पावलं राहू देत. डुकरांसाठी आपण दोघं मिळून सौर कुंपण करू, मी माझा वाटा उचलतो, तुझा तू उचल. आप्पांवर भार नको. सावलीतल्या चार ओळींत माझ्या बाजूला मी कापूस सोडला, तिथे तूर लावली आहे. उपटलेल्या जागी बोरीच्या आठळ्या टोचल्या आहेत, हिवराच्या शेंगाही. आप्पांनी हे बघितलं, काही बोलले नाहीत. पण जेसीबीवाल्या पोराला त्यांनी सांगून ठेवलंय, उघडीप पडली की ये आणि राहिलेलं उरक.

तुझं कसं आहे? नव्या घरात सोसायटीचं पाणी येतं का वेळेवर? सूनबाईंचं बाळंतपण इकडे की तिकडे? ते हार्टचं औषध बंद करू नकोस. कानबाईच्या सणाला ये, रोट खायला सगळे भाऊबंद जमतील, पंगतीत तात्यांची जागा रिकामी बरी दिसत नाही. येताना बिबड्यांचा डबा रिकामा आण, हिने तुझ्यासाठी ठेवले आहेत.

छड्यांबद्दल मी कधी तुझी माफी मागितली नव्हती. आज मागतो.

ते अंडं देवळीत ठेवलं आहे. तू आलास की हिवराच्या जागी पुरू. एकट्याने माझ्याने होत नाही.

आणि आप्पांना फोन कर, उघडीप पडायच्या आत. रात्री आठनंतर कर, त्याआधी ते गोठ्यात असतात.

तुझा,
नाना