कळव्याच्या गिटारवाल्या काकांना

ती. काका,

साष्टांग नमस्कार.

समोरासमोर आभार मानले असते तर तुम्ही "असू दे गं, चहा घे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे. काल संध्याकाळी ठाण्यात, चरईतल्या आमच्या घरात मी पहिल्यांदा माझी इलेक्ट्रिक गिटार वाजवली. शेजारी आई मेथी निवडत बसली होती. तिला ना खोकला आला, ना ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

आमच्या घरात आईच्या दम्याला विचारल्याशिवाय काही होत नाही. मिरचीची फोडणी कधी द्यायची, उदबत्ती लावायची की नाही, दिवाळीत खिडक्या किती वाजता लावून घ्यायच्या, सगळं त्यावर ठरतं. आणि मी पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेली जुनी गिटार सिगारेटच्या धुराने आणि पावसाळी कुबटपणाने नखशिखांत भरलेली. गिटारच्या केसची, म्हणजे पेटीची, कडी उघडली की आईचा हात पंपाकडे जायचा. म्हणून गिटार माझी, पण मुक्काम ऐरोलीला मैत्रिणीकडे.

तुमच्याकडे येण्याआधी हा वास घालवायला मी ज्यांच्याकडे गेले त्यांची नावं घेत नाही, पण त्यांनी काय केलं ते सांगणार आहे. एक म्हणाला, "वाजतेय ना? मग वासाचं काय एवढं!" दुसऱ्याने माझ्यादेखत अत्तराचा फवारा मारला. त्यानंतर तिला धुराचा आणि मोगऱ्याचा मिळून असा वास यायला लागला की मलाच मळमळलं. तिसऱ्याने "आतून साफ करतो" म्हणून गिटार ठेवून घेतली, पैसे घेतले, वर तिन्ही पिकअप (तारांची थरथर पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारे भाग) बदलावेच लागतील म्हणून महागडा सेट गळ्यात मारायला बघितला. मी नाही म्हटल्यावर, "मॅडम, मग अकूस्टिक घ्या ना, मुलींना ती बरी पडते." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

तुम्ही गिटार हातात घेतलीत आणि आधी टॉर्च मागवलात. पुढच्या पांढऱ्या प्लेटच्या एका स्क्रूवर उजेड धरून म्हणालात, "बघ, या खाचेतला मळ जसाच्या तसा आहे. हे कुणी उघडलेलंच नाही." तो काळपट, तेलकट मळ मी डोळ्यांनी पाहिला आणि संतापाने माझे कान तापले. तुम्ही मात्र त्या माणसाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. फक्त विचारलंत, "घरात कुणाला त्रास होतो याचा?"

काका, हे तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं.

मग तुम्ही सगळं उलगडून दाखवलंत. वरचं रंगाचं कवच फारसा वास धरत नाही, ते पुसलं की झालं. वास मुरतो तो आतल्या पोकळ्यांमधल्या रंग न लावलेल्या कोऱ्या लाकडात आणि केसच्या मखमलीखालच्या फोममध्ये. "लाकूड सुधारेल. केस टाकून दे." उन्हात ठेवू का विचारलं तर ठाम नकार, कारण गिटारची मान वाकते. सक्रिय कोळशाबरोबर बंद खोक्यात मुक्काम, मग आतल्या कोऱ्या लाकडावर लाखेचं पॉलिश, आणि त्यातल्या स्पिरिटचा वास पुरता उडेपर्यंत थांबायचं. त्यावर तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडायची, म्हणजे ट्यूबलाइटची आणि मोबाइलची खरखर कमी होते. वासाचं काम करताकरता तुम्ही आवाजाचंही करून टाकलंत.

पिकअपच्या बाबतीतही तोच सरळपणा. अ‍ॅम्प लावून ती जुनी घूं घूं ऐकलीत आणि म्हणालात, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ही गुरगुर अगदी खालच्या 'जी' सुराच्या जवळ बसते, म्हणून जी वाजवताना तुला कमी खटकते. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं! मग सेथ लव्हरची गोष्ट सांगितलीत. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या या माणसाने १९५५ साली पिकअपमध्ये एकीऐवजी दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, शेजारी शेजारी ठेवल्या, एकीचा पीळ उलटा, तिच्या चुंबकाची टोकंही उलटी. बाहेरून आलेली गुरगुर दोघींत मिळून नाहीशी होते आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. पेटंट हातात यायला १९५९ उजाडलं. तशीच दुहेरी रचना सिंगल कॉइलच्या मापात बसवलेला एक पिकअप तुम्ही ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, घातलात. एकच. "बाकीच्या दोघांचा आवाज गोड आहे. स्वस्तातले आहेत म्हणून काढायचे?" आणि न विचारताच सांगितलंत की मानेजवळचा पिकअप एकटा वापरला तर थोडी घूं राहणार, ती त्याच्या जातीचीच आहे. स्वतःच्या कामात काय उणं राहील ते पैसे घेण्याआधी सांगणारा कारागीर मला पहिल्यांदा भेटला.

पण हे पत्र लिहायला बसले ते साडीमुळे.

काम झाल्याचा तुमचा फोन आला तेव्हा म्हणालात, "येताना आईंची धुतलेली जुनी सुती साडी घेऊन ये." मला वाटलं, पुसायला हवी असेल. तुम्ही गिटार त्या साडीत नीट गुंडाळलीत, मोठ्या पिशवीत घालून तोंड बांधलंत आणि रात्रभर ठेवलीत. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात फक्त साडी दिलीत. "गिटार इथेच राहू दे. घरी जा, खिडक्या उघड, आईंना सांगून लांबूनच घडी उलगड. त्यांचा घसा जरा जरी खवखवला तरी कळव, मी परत बघतो. पैसे त्यांना त्रास नाही हे कळल्यावरच."

आई म्हणाली, "अगदी पुसट, पण आहे." हे तुम्हाला सांगताना माझा जीव वर-खाली होत होता, कारण एवढी मेहनत झाल्यावर कुणालाही राग आला असता. तुम्ही म्हणालात, "बरं झालं त्यांनी स्पष्ट सांगितलं," आणि लगेच मान उतरवायला घेतलीत. मान बसते त्या खाचेत वास दडला होता. पुन्हा कोळसा, पुन्हा पॉलिश, पुन्हा साडी. या वेळी आईने घडी नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "माझ्याच कपाटाचा वास येतोय."

ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाही, तिच्या श्वासावर तुम्ही तुमचं काम पारखलंत. मागच्या पावसाळ्यात आईला रस्त्यात धाप लागली होती, तेव्हा कोर्ट नाक्यावर एका गाडीवाल्याने स्वतःची गाडी आडवी घालून आमच्या रिक्षाला वाट करून दिली होती. त्याचा चेहराही मला दिसला नाही. तो आणि तुम्ही माझ्या मनात आता शेजारी शेजारी आहात. अशी माणसं या गर्दीत आहेत म्हणून तर आईला घेऊन मी या शहरात निर्धास्त राहते.

दुसऱ्या खेपेच्या मेहनतीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्यावर मी वाद घातला नाही, पण आई घालणार आहे. गौरी जेवतात त्या दिवशी काकूंना घेऊन आमच्याकडे जेवायला यायचं, असा तिचा निरोप आहे. पुरणपोळी आहे, सोळा भाज्या आहेत. कळवा पुलावर दुपारी गाड्या खोळंबतात, तेव्हा सकाळीच निघा.

तुमची,
चरईतली गिटारवाली