दोन पासपोर्टचा सल्ला आपल्यासाठी नव्हे

रविवारच्या पुरवणीतील परदेशप्रवासावरील लेखात ‘दोन पासपोर्ट असतील तर ज्या देशात जायचे त्या देशाचा दाखवावा’ असा सल्ला वाचला. अमेरिका आणि ब्रिटन अशा दोन्ही देशांचे नागरिकत्व असणाऱ्यांना तो लागू पडतो. अमेरिकी नागरिकाने अमेरिकेत प्रवेश करताना व तेथून निघताना अमेरिकी पासपोर्टच वापरावा, असा तेथील कायदाच आहे. भारतीयांना मात्र ही निवड उपलब्ध नाही, कारण नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, आणि त्यानंतर भारतीय पासपोर्ट जमा न करता त्यावर प्रवास करणे दंडास पात्र ठरते. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने तो वेळीच जमा केला. रद्दचा शिक्का मारलेली ती निळी पुस्तिका त्याची आई आजही कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत जपून ठेवते.

त्याच्याजवळ आता ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड आहे. गावाकडे अनेकजण त्यालाच दुहेरी नागरिकत्व समजतात, आणि नावामुळे तसा समज होणे स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात तो व्हिसाविना येण्याचा व राहण्याचा आजीवन परवाना आहे. कार्डधारकाला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. मराठवाड्यातील कित्येक घरांत एक मूल परदेशी आणि जमीन गावी अशी स्थिती असल्याने हा खुलासा पुढील पुरवणीत ठळकपणे छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, परभणी