कमेंट बंद झाली, उत्तर मात्र तेच राहिलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑफिसात जे ऑनलाइन असेसमेंटचे फॉर्म भरले जातात त्याबद्दल लिहायचंय. म्हणजे एखाद्या व्हेंडरची, म्हणजे आपल्याला बाहेरून वस्तू-सेवा पुरवणाऱ्या कंपनीची, सिक्युरिटी तपासायची असते, किंवा नवीन सिस्टीम सुरू करण्याआधी लोकांच्या खाजगी माहितीला धोका किती ते बघायचं असतं, किंवा ऑडिटच्या आधी आपल्याच डिपार्टमेंटला स्वतःची तपासणी करायची असते, तसे फॉर्म. गेली नऊ वर्षं मी हेच काम करतेय, कधी भरणाऱ्यांच्या बाजूनं, कधी तपासणाऱ्यांच्या. हल्ली हे फॉर्म ज्या सॉफ्टवेअरमध्ये असतात तिथे प्रत्येक प्रश्नाखाली कमेंट टाकायची सोय असते. ती सोय मला मनापासून आवडते आणि तीच आपण इतक्या निष्काळजीपणे वापरतो की राहवलं नाही म्हणून हे पत्र.

आधी काय व्हायचं, एक्सेलची शीट मेलवर फिरायची, फायनल, मग फायनल दोन, मग खरी फायनल, आणि कोणतं उत्तर कोणी कधी बदललं हे कोणालाच सांगता यायचं नाही. हे फॉर्म एकट्या माणसाच्या आवाक्यातले नसतातच मुळी. माहितीच्या सुरक्षेचं आयएसओ २७००१ स्टँडर्ड घ्या, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल्स, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत, काही संस्थेच्या धोरणांचे, काही माणसांचे, काही दारं-कुलपांचे, काही तांत्रिक. नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन कधी बंद होतं ते एचआरला विचारायचं, सर्व्हर रूमची चावी कोणाकडे असते ते ॲडमिनला, करारात काय लिहिलंय ते लीगलला. एवढ्या सगळ्यांना एका मीटिंगमध्ये बसवणं शक्य नसतं, आणि त्या त्या प्रश्नाखाली त्या त्या माणसाशी बोलता येणं हा कमेंटचा खरा फायदा.

आता जे घडलं ते सांगते. ऑफिसचं नाव घेत नाही. फॉर्ममध्ये साधा प्रश्न होता, डेटाचा नियमित बॅकअप घेतला जातो का? उत्तर होतं "हो". मी खाली कमेंट टाकली, बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे त्यातल्या फाइल्स परत काढून, शेवटचं कधी बघितलंत? सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं तासाभरात प्रामाणिक उत्तर आलं, रोज रात्री बॅकअप होतो पण रिस्टोअर अजून एकदाही केलेलं नाही, पुढच्या महिन्यात करतो. मी "ठीक आहे" लिहिलं आणि कमेंट रिझॉल्व्ह केली, म्हणजे मिटली म्हणून बंद केली. वरचं उत्तर तसंच राहिलं, "हो". अप्रूव्ह करणाऱ्या साहेबांकडे गेली ती पीडीएफ, त्यात फक्त प्रश्न आणि उत्तरं, कमेंट्स नाहीत. पुढचा महिना आला नि गेला. पाच महिन्यांनी डिस्क बंद पडली, बॅकअप काढला तर त्यातल्या निम्म्या फाइल्स उघडेनात, आणि सगळे विचारायला लागले की हे आधी कोणाला माहीत होतं का. माहीत होतं ना, त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आमच्या दोघांच्या सहा ओळी त्या बंद केलेल्या कमेंटमध्ये तारीख-वेळेसकट पडून होत्या. चूक माझी होती. रिझॉल्व्हचं बटण दाबताना मला वाटलं की काम मिटलं, आणि मिटलं होतं फक्त आमचं बोलणं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांच्या मागे लागून सांगते, कमेंट बंद करण्याआधी तिच्यातून जे निघालं ते वरच्या उत्तरात लिहा. "हो" खोडून "हो, रोज रात्री, पण रिस्टोअरची चाचणी अजून झालेली नाही, जबाबदारी अमक्याची, तारीख अमुक" असं लिहा. उत्तर जरा ओबडधोबड दिसेल, दिसू दे. फॉर्म नंतर जो वाचणार आहे त्याला तुमची चर्चा शोधत बसायला वेळ नसतो, कित्येकदा त्याला ती दिसतच नाही. गुगल डॉक्समध्येसुद्धा बघा, ज्याला फक्त व्ह्यूचा अ‍ॅक्सेस दिलाय त्याला कमेंट्स दिसत नाहीत, आणि फाइलची कॉपी काढताना कमेंट्स सोबत घ्यायच्या असतील तर तो पर्याय वेगळा निवडावा लागतो.

हे नुसतं माझं खूळ नाही. युरोपातला जीडीपीआर हा खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ३५ मध्ये जोखमीच्या कामाआधी लोकांच्या माहितीवर काय परिणाम होईल याचं असेसमेंट करायला सांगितलंय, आणि डेटा प्रोटेक्शन ऑफिसर (लोकांच्या माहितीच्या संरक्षणावर लक्ष ठेवणारा अधिकारी) नेमलेला असेल तर त्याचा सल्ला घ्यायलाही. त्यावरच्या तिथल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की हा सल्ला आणि त्यावर घेतलेला निर्णय त्या असेसमेंटमध्येच नोंदवलेला असावा. मग ऑफिसरनं कमेंटमध्ये "हा डेटा दोन वर्षं ठेवायची गरज नाही" असं लिहिलं, कोणीतरी लाइकचा अंगठा टाकला आणि थ्रेड, म्हणजे त्या कमेंटखालचं सगळं बोलणं, मिटवला, तर सल्ला घेतला हे खरं पण त्याचं पुढे काय केलं हे कोण कुठे वाचणार?

कमेंट लिहायची कशी हेही बोलायला हवं. "हे नीट बघा", "कन्फर्म?", नुसतं प्रश्नचिन्ह, अशा कमेंट्स मी रोज बघते. समोरच्याला कळत नाही काय बघायचं, तो "बघितलं" लिहून मोकळा होतो. त्याऐवजी, "पॉलिसीची जी फाइल जोडलीय तिच्यावर जुनी तारीख आहे, यावर्षीची सही झालेली प्रत गुरुवारपर्यंत जोडाल का" असं लिहिलं की काम त्याच दिवशी होतं. आणि टॅग एकालाच करा. पाच जणांना टॅग केलं की प्रत्येकाला वाटतं बाकीचे चौघे बघतील. एकाच कमेंटवर तिसऱ्यांदा उलटसुलट व्हायला लागलं तर सरळ फोन करा, फक्त फोन ठेवल्यावर काय ठरलं ती एक ओळ त्याच थ्रेडमध्ये टाका, नाहीतर परत सगळं दोघांच्या डोक्यातच राहतं.

कमेंट कोणाला दिसणार हे बघणं तर फार महत्त्वाचं. काही सॉफ्टवेअरमध्ये आतल्या टीमची कमेंट वेगळी असते आणि व्हेंडरला दिसणारी वेगळी, दोन्हीचे बॉक्स जवळजवळ सारखेच दिसतात. माझ्या एका सहकाऱ्यानं आतल्यांसाठी म्हणून लिहिलं, "यांची उत्तरं कायम गोलमोल असतात," आणि ते थेट व्हेंडरकडे गेलं. त्यानं दोन मिनिटांत डिलीट केलं, पण नोटिफिकेशनचा मेल तोवर समोरच्या चार जणांच्या इनबॉक्समध्ये पोचला होता, अख्ख्या मजकुरासकट. त्यानंतर तो व्हेंडर प्रत्येक प्रश्नाला वकिलाकडून तपासून उत्तर द्यायला लागला, पंधरा दिवसांचं काम दोन महिने चाललं. पासवर्ड, कोणाच्या आजारपणाची माहिती, असलं काही कमेंटमध्ये कधीच लिहू नका म्हणतात ते याचसाठी, डिलीट केलं तरी मेलमध्ये उरतं.

आणि सगळ्यात जास्त मला जे लागतं ते वेगळंच आहे. कमेंटवर नाव असतं, त्यामुळे नवीन मुलंमुली घाबरतात. आमच्याकडे एका नवीन मुलीनं तिच्या सीनियरच्या उत्तराखाली लिहिलं होतं, "सर, दाराचं अ‍ॅक्सेस कार्ड काम सोडलेल्यांचंही चालतंय, मी काल बघितलं." अगदी नेमकी कमेंट, असेसमेंट नावाची गोष्ट असते ती यासाठीच. तिला बोलावून सांगण्यात आलं की असं सगळ्यांसमोर लिहायचं नसतं. तिनं कमेंट काढून टाकली आणि नंतर कितीतरी दिवस कुठल्याच फॉर्मवर काही लिहिलं नाही. कार्ड मात्र चालूच राहिलं. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, अशी कमेंट आली की तिथेच, सगळ्यांना दिसेल असं, "बरं झालं लक्षात आणून दिलंस" एवढं लिहा. आणि कमेंट रिझॉल्व्ह करायचा हक्क ज्यानं शंका काढली त्याच्याकडेच ठेवा, ज्याच्या उत्तरावर शंका आहे त्यानंच ती मिटवायची हे बरोबर नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडूनही थोडं मागायचंय. एखादी कमेंट उघडी असताना कोणी सबमिट दाबलं तर ठळक इशारा द्या. रिपोर्ट काढताना कमेंट्स आधीपासूनच जोडलेल्या असू द्या, नको असतील तर माणूस काढेल. रिझॉल्व्ह दाबल्यावर एकदा विचारा, वरचं उत्तर बदललं का? ही एक ओळ आमच्या स्क्रीनवर आली असती तर मी नक्की थांबले असते.

तुमच्यापैकी कोणाचा असा फॉर्म या आठवड्यात जाणार असेल तर त्याआधी बंद केलेल्या कमेंट्सचा फिल्टर लावून सगळ्या एकदा वाचा. चहा संपायच्या आत होतं. "पुढच्या महिन्यात करतो" अशी ओळ दिसली तर त्या माणसाला आजच फोन करा.

आपली,
एक नियमित वाचक