हळदणकरांचा दिवा आणि तुझ्या आजीचं पोर्ट्रेट

प्रिय समीर,

पत्र मिळालं, आजीच्या पोर्ट्रेटचा फोटोही बघितला. साम्य मस्त आलंय रे, डोळे तर अगदी त्यांचेच, पण तू म्हणतोस तसा गालाच्या सावलीत चिखल झालाय खरा. त्यावर नुसतं काहीतरी सांगण्यापेक्षा एका चित्राबद्दलच लिहितो. म्हैसूरला जगनमोहन पॅलेसच्या गॅलरीत आहे ना ते, हातात दिवा घेतलेल्या बाईचं, सावळाराम हळदणकरांचं. प्रिंट तू शंभरदा पाहिली असशील, पण अजूनही लोक ते रविवर्म्याच्या नावावर फॉरवर्ड करत असतात आणि मला खरंच राग येतो. रविवर्मा गेले १९०६ मध्ये, हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, काढणारा माणूस आपल्या सावंतवाडीचा, आणि दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता.

आणि हे सगळं वॉटरकलरमध्ये! ऑइलमध्ये आधी अंधार रंगवून उजेड नंतर वरून देता येतो. इथे उजेड म्हणजे खालचा कागद, तो पहिल्या वॉशपासून (म्हणजे पाण्यात पातळ करून लावलेल्या रंगाच्या थरापासून) राखायचा, एकदा झाकला गेला की तसा परत मिळत नाही. बरं, गडद वॉश ओला असताना छान खोल दिसतो आणि वाळला की फिका पडतो, मग आपण परत लावतो, परत लावतो, खालचा थर ओला होऊन सुटतो आणि सगळे रंग एकमेकांत मिसळून मरतात. तुझ्या गालावर हेच झालंय. एवढा मोठा अंधार असूनही हळदणकरांचा रंग मेलेला नाही, ही मला त्या चित्रातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते.

आता ज्योतीला आडोसा धरलेला हात बघ, प्रिंटवर पण दिसेल. बोटांतून उजेड आरपार आल्यासारखा वाटतो, तांबूस केशरी, आणि तरी ती बोटं बोटंच राहतात, त्यांचा आकार कुठे वितळत नाही. तिथे पांढरा रंग थापून चमक आणलेली नाही, शेजारी गडद आहे म्हणून ते उबदार वाटतं. चेहऱ्यावरही उजेड खालून येतो. खालून उजेड दिला की चेहरा भयाण दिसतो हे आपण दोघांनी स्टुडिओत पाहिलंय, पण इथे दिवा छातीपाशी, मधे हात, त्यामुळे हनुवटी, गाल, नाकाची खालची बाजू हळूहळू उजळत जाते आणि चेहरा शांत राहतो. केसांची कड मात्र मागच्या अंधारात जाऊ दिलीय, आउटलाइन नाहीच. तू आजीच्या केसांभोवती सगळीकडे सारखीच कड ठेवलीस, त्यामुळे डोकं कापून चिकटवल्यासारखं दिसतंय, हे मी तुला स्पष्टच सांगतो.

तेव्हा ते चित्र आता दुरुस्त करत बसू नकोस. नवीन कागद घे, त्यावर फक्त गाल, कान आणि गळ्याखालची सावली कर. आधी पिवळसर-केशरी पातळ वॉश, तो पूर्ण वाळू दे, आणि मग सावली एकदाच, थोडी जास्तच गडद वाटेल इतकी लाव, ब्रश परत फिरवू नकोस. ओलं असताना एक फोटो आणि वाळल्यावर एक, असे दोन्ही पाठव.

तुझा,
अभी