सूचना : शर्यतीतली खिलाडूवृत्ती

सर्व धावपटू आणि पालकांसाठी. या हंगामात शालेय क्रॉस कंट्रीत (मोकळ्या रानातून, चढउतारांवरून लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत) खिलाडूवृत्तीचे नियम काटेकोरपणे लावले जातील. आधी ताकीद मिळेलच असं धरून चालू नका. वळणावर कोपर मारणं, मुद्दाम वाट अडवणं, अंतिम रेषेवर मागे वळून हातवारे करणं, पंचांशी हुज्जत घालणं, यातल्या कशानेही धावपटू बाद होऊ शकतो. संघाचे सात जण धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक संघाच्या गुणांसाठी मोजले जातात. पाचातला एक बाद झाला की सहाव्याचा क्रमांक धरावा लागतो आणि उन्हाळाभर घाम गाळलेल्या बाकीच्या चौघांना त्याची झळ बसते. हे फार जिवाला लागतं. पालकांनो, मुलांसोबत कडेने धावू नका, ती बाहेरची मदत ठरते. शंका असेल तर शर्यतीआधीच प्रशिक्षकांना विचारा.