तोंड पायजे का हात? सर्कसमधल्या जगलर काकांचे आभार

काका, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण बोरिवलीच्या तंबूत सकाळी प्रॅक्टिसच्या वेळी एका कॅमेरावाल्या पोरीला रिंगणाच्या कडेला बसू दिलंत ती मी, एवढ्यावर ओळखाल. काल प्रिंट हातात आल्या आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, लिहिल्याशिवाय काही झोप यायची नाही.

त्या दिवशी मला एवढं भरून का आलं ते तुम्हाला कळलं नसेल, म्हणून आधीचं थोडं सांगते. दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत मी माझे सर्कसचे जुने फोटो घेऊन गेले होते. तिथल्या बाईंनी भराभर चाळले आणि म्हणाल्या, हे सगळे खेळ करतानाचेच आहेत, यात दुःख कुठाय? मेकअप पुसणारा जोकर, तंबूमागे वाळत घातलेले फाटके कपडे असं काहीतरी आणा, ते जातं. म्हणजे विकलं जातं. पाच-पाच बॉल हवेत खेळवणाऱ्या माणसाचं कौशल्य यांना दिसत नाही, त्याच्या डोळ्यात पाणी आलं की मगच तो कलेचा विषय! आणि त्याच्या आधी एका फोटोग्राफीच्या वर्कशॉपला पैसे भरून गेले होते, तिथे कलाकारांना चमकीचे ड्रेस घालून भर उन्हात उभं केलं, पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि संध्याकाळी शोमध्ये झुल्यावरच्या मुलींवर धडाधड फ्लॅश मारले. एका झुल्यावरून सुटलेली पोरगी हवेत आहे, समोरच्याचे हात तिला नेमके दिसायला हवेत, आणि त्या क्षणी डोळ्यात फ्लॅश! मी बोलले तर आयोजक म्हणाले, खाली जाळी आहे ना. तो राग अजून गेलेला नाही माझा.

आणि तुम्ही? तुम्ही कॅमेऱ्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "तोंड पायजे का हात?"

काका, इतकी वर्षं फोटो काढतेय, मला काय बघायचंय हे कोणी विचारलंच नव्हतं. सगळे एकतर हाकलतात नाहीतर हसून पोज देतात. मी हात म्हणाले. तर तुम्ही बोटातली अंगठी काढून गळ्यातल्या दोऱ्यात ओवलीत, बाह्या कोपरापर्यंत वर सारल्यात, आणि कनातीच्या फटीतून उजेडाचा जो एक पट्टा आत येत होता त्यात येऊन उभे राहिलात. मी सांगितलं नव्हतं. उजेड कुठे आहे हे तुमचं तुम्ही बघितलंत. तर्जनीवर चिकटपट्टी, अंगठ्याच्या बुडाशी बाटल्या झेलून झेलून पडलेला घट्टा, आणि नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, हे सगळं मला त्या उजेडात पहिल्यांदा नीट दिसलं.

मग म्हणालात, "बॉल वर गेला की जरा दम खातो, तवा दाब." आणि नेहमीपेक्षा उंच फेकायला लागलात, मला वेळ मिळावा म्हणून, आणि प्रत्येक बॉल वर पोचला की तोंडाने "हं" म्हणायचात. हं. हं. हं. मी नुसतं त्या हं वर बटण दाबत गेले. तंबूत उजेड कमी, शटर १/६० सेकंदापर्यंत खाली आणलेलं, म्हणजे एरवी हलणाऱ्या सगळ्याचा पुसट चिखलच व्हायचा, पण वरच्या टोकाला बॉलचा वेग संपलेला असतो ना, त्यामुळे तो एकच बॉल स्वच्छ गोल, आणि खालचे सगळे रेघा झालेले. प्रिंटमध्ये तसंच आलंय. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. तुम्हाला ते रोजच दिसतं कारण तुम्ही हातांकडे बघतच नाही, नजर कायम वरच्या टोकावर. स्वतःचे हात ज्याला खेळताना बघायला मिळत नाहीत तो माणूस दुसऱ्याला ते नीट दिसावेत म्हणून घाम गाळत होता. तीन, पाच, सात असले की बॉल या हातातून त्या हातात जातात आणि चार-सहा असले की ज्या हाताचे त्याच हातात परत येतात, हे पण तुम्ही खेळता खेळताच सांगितलंत, दम न लागता!

चहाच्या वेळी मी मोबाईलवर देगा या फ्रेंच चित्रकाराचं चित्र दाखवलं ते आठवतंय? मिस ला ला, पॅरिसच्या सर्कस फर्नांदोमध्ये दातात दोर धरून छताला लटकलेली. १८७९ सालचं आहे, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत असतं. देगा रात्री-रात्री त्या सर्कशीत बसून स्केचेस करायचा. तुम्ही बोटांनी ते मोठं करून बघितलंत, तिची वर ताणलेली मान बघितलीत, मागे मुडपलेले पाय बघितलेत आणि म्हणालात, "यानं खालनं बसून बघितलंय. खरं बघितलंय." गॅलरीतल्या बाईंनी मला पिकासोचं उदाहरण दिलं होतं, १९०५ चं ते मोठं चित्र, ज्यात सगळे डोंबारी-विदूषक ओसाड माळावर नुसते उभे आहेत, कोणीच काही करत नाहीये. सुंदर आहे ते, मी नाही म्हणत नाही. पण मला देगाच्या बाजूला बसायचंय. काम चालू असताना, खालून, मान वर करून. अमेरिकन फोटोग्राफर मेरी एलन मार्क १९८९-९० मध्ये आपल्याकडच्या सर्कशींतून फिरली, तिचे फोटो बहुतेक रिंगणाबाहेरचे आहेत, तरी त्यातले लोक बिचारे वाटत नाहीत, ताठ मानेने थेट तिच्याकडे बघतायत.

आणि दुःख वगैरे शोधणाऱ्यांना हेही माहीत नसतं की ही कला आपल्याकडे रुजवली ती आपल्याच माणसाने. किआरिनीची इटालियन सर्कस मुंबईत आली ती बघून विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली, ते सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे, म्हणजे तुमच्या मिरजेच्या शेजारचेच की! हे सांगताना तुमची छाती काय फुलली होती. १९९८ ला सरकारने वाघ, सिंह, अस्वलं, माकडं बंद केली, बरंच झालं, पण तेव्हापासून लोक म्हणतात सर्कशीत बघायला उरलं काय. माणसं उरलीत! या हातांकडे बघा ना दोन मिनिटं.

चांगुलपणा म्हणजे तरी वेगळं काय असतं हो. तुमच्याकडे मला द्यायला ना पैसा होता ना ओळखीपाळखी, मी कोण कुठली हेही माहीत नव्हतं, दुपारी शो होता, अंग आंबलेलं होतं, तरी दुसऱ्याचं काम नीट व्हावं म्हणून आपलं काम जरा उंच आणि जरा हळू केलंत. ज्यांचं कामच आम्हाला मदत करायचं आहे, ज्यांच्या भिंती पांढऱ्याशुभ्र आणि एसी चोवीस तास चालू, त्यांना हे जमलं नाही. आणि तुमच्यामुळे बाकी तंबूही उघडला, नंतर झुल्यावरच्या ताई स्वतःहून मनगटाच्या पट्ट्या कशा बांधतात ते दाखवायला आल्या, बॅन्डवाल्या दादांनी जेवायला ताट वाढलं. मी गप्प बसून जेवले कारण बोलले असते तर रडले असते.

बरं, आता कामाचं. हातांच्या फोटोच्या दोन प्रिंट काढल्यात, मोठी तुमच्यासाठी आणि छोटी तुमच्या मुलीसाठी, तिला शाळेत दाखवायची आहे म्हणाला होतात. ताईंच्या पट्ट्यांचा फोटोही सोबत आहे, त्यांना सांगा. तंबू आता पुढे कुठे लागतोय ते तेवढं कळवा, कुरियरने काच फुटते, मी स्वतःच घेऊन येईन.